हबीबभाई, रविवार मी दिला नाही

हबीबभाई, तुमच्या मयतीला मी उशिरा पोचले आणि पोचल्या पोचल्या भांडले. तुम्हाला हे तिथं कुणी सांगायला आलं नसेल, म्हणून मीच सांगते.

लातूरहून पहिली एसटी पकडली तरी नांदेड यायला वेळ लागतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? मी आले तोवर तुम्हाला नेलं होतं. भाभींजवळ बायकांत जाऊन बसले. बाहेर तुमचे हैदराबादचे साडू कुणाला तरी सांगत होते, "दिमाग तो बहुत था, लेकिन आदमी नांदेड में जाया हो गया." हळहळीनंच म्हणत होते बिचारे. पण त्या वेळी मला तेवढा एकच शब्द ऐकू आला, जाया, म्हणजे वाया. मी तडक दारात गेले आणि विचारलं, "काय जाया झालं? सांगा की. काय जाया झालं?" अंगणातली पंचवीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. साडू चपला शोधू लागले. भाभींनी मागून येऊन माझं मनगट धरलं आणि ओढून खाली बसवलं. म्हणाल्या, "बैठ गे सुनंदा. वो भी ऐसेच थे." मग आम्ही दोघी रडलो.

खरं तर मला साडूंशी भांडायचं नव्हतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं. त्याच्या चार दिवस आधी फोनवर जे अर्धवट राहिलं ते पुरं करायचं होतं, आणि तुम्ही मला त्याची संधी दिली नाही. हा तुमचा जुनाच स्वभाव. हरायची वेळ आली की चहा सांगायचा.

आता मी पहिल्यापासून सांगणार आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण यावेळी तुम्ही मध्ये बोलून माझी गोष्ट बिघडवणार नाही.

भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी लातूरला पुनर्वसनाच्या कामाच्या एका ऑफिसात याद्या भरायला लागले. वीस वर्षांची होते. टायपिंगची परीक्षा पास, बाकी शून्य. गावाचं नाव, कुटुंबप्रमुख, माणसं होती किती, आहेत किती. माझ्या आत्याच्या गावाची यादी माझ्याच टेबलावर आली. मी ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. आत्याला 'होती'च्या रकान्यात मीच बसवलं, आणि पुढचं नाव टाइप केलं. रडायला घरी गेले.

तुम्ही तिथं आठवड्यातून एकदा नांदेडहून मशीन दुरुस्तीला यायचा. वडिलांचं घड्याळांचं दुकान, त्यामुळे डोळ्याला लावायचं भिंग तुमच्या शर्टाच्या खिशात कायम. कॉम्प्युटरचं झाकण काढलं की भिंग लावून आत बघायचा. ऑफिसातली पोरं हसायची. मीही हसले होते, कबूल.

लोक ऑफिसात एकच गोष्ट विचारायला यायचे. नव्या गावात आपलं घर कुठं, आणि शेजारी कोण? आम्ही नाव टाकायचो, पडद्यावर एक ओळ यायची, प्लॉट नंबर अमुक. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे. तुम्ही हे दोन-तीनदा पाहिलं आणि माझ्यावर खेकसलात, "अरे, उनकू घर दिखाओ ना! नंबर का क्या अचार डालेंगे?" त्याच दिवशी तुमच्या डोक्यात नकाशा शिरला. विंडोज तेव्हा आमच्याकडे नुकतंच आलेलं. त्यात अख्खं नवं गाव काढायचं, रस्ते, देऊळ, मशीद, शाळा, आणि माउसनं घरावर टिचकी मारली की घरात कोण राहणार ते दिसायचं. शेजारचं घर दाबलं की शेजारी.

हे करायचं कसं, ते शिकवणारं मराठवाड्यात कुणी आहे का हेच ठाऊक नव्हतं. याच साडूंनी हैदराबादहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दोन दिवसांपुरतं आणलं. तुम्ही ते नांदेडच्या बसस्टँडजवळ झेरॉक्सला टाकलं. कागद वाचावा म्हणून एका कागदावर दोन-दोन पानं. कडा कापल्या, त्यात पानांचे आकडे गेले. अनुक्रमणिका काढलीच नाही. "नुसती यादी घेऊन काय करायचं," असं झेरॉक्सवाला म्हणाला, आणि ते तुम्हाला पटलं. मध्येच वीज गेली. वीज आल्यावर त्यानं पुस्तक जिथं उघडलं तिथून पुढं काम सुरू केलं. एक अख्खं प्रकरण गायब झालं, आणि ते गायब आहे हे आपल्याला पाऊण वर्ष कळलं नाही. आपल्याला वाटायचं, लेखकच तुटक लिहितो.

तो गठ्ठा तुम्ही कुणाला घरी नेऊ द्यायचा नाहीत. ज्याला शिकायचं त्यानं बसून एक पान हातानं उतरवायचं आणि त्याखाली जे समजलं ते आपल्या भाषेत लिहायचं. एक प्रत त्याची, एक इथं ठेवायची. पहिलं पान मी उतरवलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन अडीच तास लागले. खाली मी लिहिलं, "प्रोग्राम आपण चालवत नाही, तो वाट बघत बसतो. कुणी बटण दाबलं, माउस हलवला, की त्याला निरोप येतो. निरोपाप्रमाणे वागायचं." तुम्ही वाचलं आणि म्हणालात, "हौ, बराबर. सरकारी ऑफिस." दोन दिवस मी त्यावर हसत होते.

नकाशा झाला. हिरवे रस्ते, पिवळी घरं. बघायला किसनतात्या आले. त्यांच्या घरातली तिघं गेली होती. त्यांना कुठल्याच यादीत रस नव्हता, फक्त शेजारी जुनाच रहावा एवढा हट्ट होता. तुम्ही त्यांचा हात धरून माउसवर ठेवलात. घर दाबलं, त्यांचं नाव आलं. शेजारचं दाबलं, जुन्या शेजाऱ्याचं आलं. तात्यांचा चेहरा असा उजळला की मी उठून पाणी प्यायला गेले.

परत आल्यावर तात्यांना दाखला हवा होता, म्हणून मी नकाशावरच टायपिंगची खिडकी उघडली. दाखला छापला आणि ती बंद केली. नकाशाचा अर्धा भाग कोरा पांढरा. तात्यांच्या गल्लीत एक घर उरलं नव्हतं. तात्या पडद्याकडे बघत राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "गेलं का गं पुन्ना?"

हबीबभाई, त्या दिवशीचा तुमचा चेहरा मला आयुष्यभर पुरेल. तुम्ही मशीन बंद केलं आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलात. डबा उघडला नाहीत. मी समजूत काढायला आले, की भाई, पुन्हा चालू केल्यावर सगळं दिसतंय. तुम्ही म्हणालात, "चालू करके क्या फायदा? एक बार तो गया ना उसके सामने."

मग सुरू झाली शोधाशोध. तोवर मशीनवर एक पुठ्ठा लावला होता, "नकाशा उघडा असताना दुसरे काहीही उघडू नये." एका कॉलेजातल्या सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही. चूक आहे की बरोबर आहे हेही सांगितलं नाही, फक्त अभ्यासक्रमात नाही. बाहेर आल्यावर तुम्ही त्यांची जी नक्कल केलीत तिला तोड नव्हती. शेवटी तुम्ही दिल्लीच्या एका कॉम्प्युटर मासिकाला पत्र घातलं. इंग्रजी माझं, म्हणजे काय असेल ते असो. तीन महिन्यांनी ते वाचकांच्या पानावर छापून आलं, तुमच्या दुकानाच्या पत्त्यासकट. उत्तरं कुठून यावीत? बंगलोरहून नाही, मुंबईहून नाही. पोस्टकार्ड आलं मुदखेडहून.

नांदेडच्या शेजारचं मुदखेड! रेल्वेच्या सिग्नल खात्यातले गायकवाडसाहेब. त्यांच्याकडे ते पुस्तक होतं, सगळं, आकड्यांसकट. कार्डावर लिहिलं होतं, "तुम्ही नांदेडचे, मी मुदखेडचा. दिल्लीला कशाला विचारता? रविवारी माझी सुट्टी असते. पुस्तक घेऊन येतो." काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुम्ही ते कार्ड आठ दिवस गल्लीत येईल त्याला वाचून दाखवलंत.

तो पहिला रविवार. गायकवाडसाहेबांनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, "मधलं प्रकरण कुठाय?" तेव्हा कुठं आपल्याला कळलं, आणि तुम्ही झेरॉक्सवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. हरवलेल्या प्रकरणात तेच होतं. पडद्यावर काढलेलं पडदा धरून ठेवत नाही. वरची खिडकी सरली की प्रोग्रामला निरोप येतो, पुन्हा काढ. आपला प्रोग्राम त्या निरोपाकडे लक्षच देत नव्हता, कारण असा निरोप असतो हेच आपल्याला माहीत नव्हतं. ते पान तुम्ही स्वतः उतरवलंत आणि खाली लिहिलंत, "खिडकीला काही आठवत नाही. घरं आपण ध्यानात ठेवायची. विचारलं की पुन्हा काढायची." चुकीच्या मराठीत. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला गेले तर हातावर फटका दिलात.

नंतर तात्यांना मुद्दाम बोलावलं. वर खिडकी उघडली, गल्ली झाकली, खिडकी बंद केली, गल्ली जिथल्या तिथं. तात्या म्हणाले, "आजून येकडाव झाक." झाकलं. "आजून." त्या माणसानं चार वेळा आपली गल्ली झाकायला लावली, चार वेळा परत आलेली पाहिली, आणि टोपी सरळ करून निघून गेले. कॉम्प्युटरला कुणी दिलेली एवढी मोठी शाबासकी मी पुढं कधी पाहिली नाही.

गायकवाडसाहेबांची सुट्टी रविवारी, म्हणून आपला वार रविवार ठरला. आधी तुमच्या दुकानात. देगलूरचा व्यंकटी टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून यायचा आणि पानाखाली तेलुगूत लिहायचा. कंधारच्या एका मास्तरांनी दोन महिने येऊन शाळेच्या हजेरीचा प्रोग्राम केला. कुणी टिकलं, कुणी गेलं. मी लातूरला कॉम्प्युटरचा क्लास काढला, बारा मशीन घेतली, तेव्हा रविवार तिकडे नेला. तेव्हापासून दर रविवारी तुम्ही पहाटेच्या एसटीनं यायचा, पिशवीत अर्धापूरची केळी घेऊन. आल्या आल्या म्हणायचा, "रस्त्यानं हाडं मोजून घेतली, मॅडम. सगळी हायेत." मॅडम तुम्ही मला चिडवायला म्हणायचा.

आता फोनवर येते.

लातूरचं तुम्ही पाहिलंच आहे. भूकंपानंतर या शहरानं मान वर काढली ती पोरांच्या मार्कांवर. गल्ल्या-गल्ल्यांत क्लास, खोल्या-खोल्यांत कॉटा टाकलेली पोरं, खेड्यातून आलेले डबे. तुम्हाला हे आवडायचं नाही. "बच्चे हैं या घड्याळं? चावी दिली, चालू," असं म्हणायचा. इथं मी तुमचं कधी ऐकलं नाही आणि आजही ऐकणार नाही. औशाकडच्या, निलंग्याकडच्या कोरडवाहू घरातली पोरं पुण्या-मुंबईच्या नाकावर टिच्चून डॉक्टर झाली, ती या क्लासांमुळं. तुम्ही गेलात म्हणून हा मुद्दा मी सोडून देणार नाही. मेलेल्या माणसाला सगळं बरोबर ठरवून टाकायचं, ही मला शुद्ध फसवणूक वाटते.

पण माझे भागीदार देशमाने सर, जे वरच्या मजल्यावर बारावीचं फिजिक्स घेतात, त्यांनी रविवार मागितला. टेस्ट सीरीजला जागा कमी पडत होती. मी हो म्हणाले. तुम्हाला विचारलं नाही, फक्त कळवायला फोन केला. "भाई, आपण दुसऱ्या वारी बसू."

"दूसरे वार कू गायकवाड की ड्यूटी रहती. व्यंकटी का दुकान रहता. तुझे मालूम है ना?"

"आता नेटवर सगळं मिळतंय भाई. घरी बसून शिकतील."

"नेट पे सवाल पूछने कू भी अंग्रेजी लगती, बेटा. इधर आके आदमी बोलता, ये डब्बा दबाया तो वो गायब होके रहा. और हम समझते. बोलके देख नेट कू ऐसा."

उत्तर नसलं की मी वाईट बोलते, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हणाले, "इतक्या वर्षांत या रविवारानं कुणाला नोकरी लागली, सांगा बरं?"

मागं कुठंतरी तुमच्या दुकानातली घड्याळं वाजत होती. मग म्हणालात, "ठीक है, मॅडम." त्या वेळी चिडवायला म्हणाला नव्हतात. फोन ठेवलात. मला वाटलं रविवारी येतील, केळी आपटतील टेबलावर, आणि मग बघून घेऊ. तुमच्या छातीत गुरुवारी सकाळी दुकान उघडताना कळ आली.

तुमच्या घरून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी देशमाने सर माझ्या खोलीत आले. माणूस वाईट नाही. उभं राहूनच म्हणाले, "लई वाईट झालं मॅडम. पण तसं बी आता ते रविवारचं कोण चालवणार? आन् खरं सांगू का, त्यातनं नोकरी तरी कुणाला लागली?"

माझंच वाक्य, जसंच्या तसं. मी कधी त्यांच्यासमोर ते बोलले नव्हते. त्यांनी त्यांच्या डोक्यानं काढलं होतं, म्हणजे ते इतकं सोपं होतं की कुणालाही सुचावं.

"मला," मी म्हटलं.

"आँ?"

"मला लागली, सर. नकाशा बघून पुढच्या ऑफिसनं मला घेतलं. त्या पगारावर पहिलं मशीन आलं. तुम्ही ज्या इमारतीत उभे आहात ना, त्या इमारतीत मी रविवारामुळं आहे."

हे उत्तर तुम्हाला द्यायचं होतं हबीबभाई. फोनवर विचारल्या क्षणी मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, आणि तुम्ही ते माझ्या तोंडावर मारलं नाहीत. एक शब्द बोलला असतात तर मी तिथंच मेले असते शरमेनं. तुम्ही मला वाचवलंत आणि स्वतः ते मनात घेऊन बसलात. याचा मला राग येतो. माफी मागायला पाहिजे, ती मागते, पण राग येतो तो येतोच.

"आर्धी बॅच शेजारच्या क्लासला जाईल," सर म्हणाले.

"जाऊ द्या."

"नोटीस लागलीय मॅडम, रविवारच्या टेस्टची."

"काढा."

त्यांनी काढली नाही.

त्यामुळं काल, रविवारी, काय झालं ऐका. दहाला मी कुलूप काढलं. मुदखेडहून गायकवाडसाहेब आले, काठी टेकत. व्यंकटी आला, त्याच्याबरोबर उदगीरचा एक नवा माणूस, ज्याला किराणा दुकानासाठी बटणांचा प्रोग्राम करायचा आहे आणि इंग्रजी वाचता येत नाही. आणि पाठोपाठ फाटकातून पन्नासेक पोरं-पोरी, हातात परीक्षेचे पॅड. "मॅडम, पेपर कुठाय?" मी दारात उभी राहून सांगितलं, आज इथं टेस्ट नाही. रविवारी कधीच नाही. वर सर आहेत, त्यांना विचारा. एका पोराचे वडील स्कूटरवरून उतरून माझ्यावर ओरडले, की पोराचं एका रविवारचं नुकसान कोण भरून देणार? मी म्हटलं, भरून मिळत नाही. ते क्लास बदलणार म्हणून गेले. वीसेक पोरं त्यांच्या मागं गेली. बाकीची वर जाऊन सरांच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. सर माझ्याशी बोलत नाहीत. महिनाअखेर बहुतेक भागीदारी मोडेल. मोडू दे. वरचा मजला त्यांचा, खालचा माझा.

आत आले तर उदगीरचा माणूस गायकवाडसाहेबांना सांगत होता, की तेलाचं बटण दाबलं तर साखरेचं नाव यायला नको. दारात एक मुलगी अजून उभी होती, दोन वेण्या, खांद्याला पिशवी. निलंग्याकडची असावी.

"मॅडम, हितं काय शिकवायलेत?"

मी सांगितलं.

"ते परीक्षेला हाय का?"

"न्हाई."

तिनं पॅड पिशवीत टाकलं. "मंग बसते. परीक्षेचं तर रोजच हाय की."

आणि जागा शोधत शोधत ती नेमकी तुमच्या खुर्चीवर जाऊन बसली. गायकवाडसाहेब तिला काहीतरी बोलणार होते, हबीबभाई. मी त्यांच्यावर डोळे वटारले.